बालेकिल्ल्याचा मागचा दरवाजा: वसई ते रत्नागिरी

बालेकिल्ला म्हटलं की घाटावरच्या माणसाला राजगड आठवतो: माचीच्या वर उठलेला कातळ आणि दमछाक करणारी चढण. कोकणपट्टीवरच्या तटबंद शहरांत मात्र उंची शोधत फिरलं तर बालेकिल्ला सापडत नाही. तो बहुतेक वेळा धक्क्याजवळ असतो, शहराच्या एका कडेला, पाठ पाण्याकडे करून.

शहरातल्या बालेकिल्ल्याकडे तीन कामं असतात. शहराचा तट पडला तर शिबंदीला, म्हणजे पहाऱ्यावरच्या सैनिकांना, मागे सरकायला जागा द्यायची. तोफांची दारू, खजिना आणि गोडं पाणी एका कुलुपाखाली ठेवायचं. तिसरं काम कुणी उघड बोलत नाही, पण ते तितकंच खरं: शहरावरच नजर ठेवायची. व्यापारी फितले, शिपायांनी थकलेल्या पगारासाठी दंगा केला, तर तोफांचं तोंड आत वळवता आलं पाहिजे. समुद्रकाठी चौथं काम येतं, धक्का हातात ठेवायचा. इथे कुमक घाटावरून येत नाही, गलबतांनी येते. म्हणून या प्रवासात प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा आहे: शहर गेल्यावर बालेकिल्ल्यातून पाण्यापर्यंत कसं जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि तटांवर शेवाळ धरतं. सोबत विजेरी, माणशी दोन लिटर पाणी, घट्ट पकडीचे बूट, होकायंत्र असलेला फोन आणि त्यात आधीच उतरवून ठेवलेले उपग्रह-नकाशे असावेत. झाडीत शिरल्यावर शहराच्या तटाचा आकार जमिनीवरून कळतच नाही, वसईत तर अजिबात नाही.

पहिला दिवस: वसई

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून किल्ल्यापर्यंत सहा-सात किलोमीटर. बस किंवा रिक्षा वसई गावातून पारनाक्यामार्गे जाते. आठच्या आत पोचावं. शनिवार-रविवारी नऊनंतर लग्नाआधीच्या फोटोंसाठी नटून आलेल्या जोड्या आणि त्यांचे छत्रीवाले प्रत्येक कमानीत उभे असतात.

सुरुवात जमिनीच्या दरवाजाकडून करायची, थेट चर्चकडे धावायचं नाही. शहराचा बाहेरचा तट सुमारे अडीच किलोमीटरचा. त्याचे बुरूज कोनाकृती आहेत, बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले. गोल बुरुजाच्या नाकासमोर एक पट्टा असा राहतो, की तिथे पोचलेल्या माणसावर शेजारच्या बुरुजावरून मारा करता येत नाही. सुरुंग खणणारे नेमके तिथे बसतात. कोन काढला की शेजारच्या बुरुजाची तोफ या बुरुजाची कड घासून मारा करते आणि तो आंधळा पट्टा संपतो. बुरुजाच्या टोकापासून दोन्हीकडच्या बुरुजांकडे बघून ही रेषा ताडून पाहावी. वसईत अजून ती बऱ्याच ठिकाणी मोकळी आहे.

आता आतल्या किल्ल्याकडे. सेंट सेबॅस्टियनचा किल्ला म्हणतात तो हाच, शहराचा बालेकिल्ला. एक घोटाळा आधीच सांगितलेला बरा: बाहेरच्या तटाच्या एका बुरुजालाही सेंट सेबॅस्टियनचंच नाव होतं, आणि १७३९ च्या लढाईच्या वर्णनात येतो तो बहुधा बुरूज, हा किल्ला नव्हे. दोन्ही एक समजून वाचलं की मराठे थेट बालेकिल्ल्यालाच भिडले असं वाटू लागतं.

डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि १५३६ मध्ये हा आतला किल्ला उभा राहू लागला. पहिला कप्तान गार्सिया द सा. बुरूज गोल आहेत, बाहेरच्यांसारखे कोनाकृती नाहीत. म्हणजे शहराचा तट नंतरचा. आधी किल्ला, त्याच्या आडोशाने घरं, चर्च, इस्पितळ, आणि वस्ती फुगल्यावर तिच्याभोवती भिंत. हा क्रम किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा दिसेल.

कुठला तट आधीचा हे ठरवायची साधी युक्ती आहे. दोन भिंती मिळतात तो कोपरा शोधायचा. एकाच वेळी बांधलेल्या भिंतींत चिरे एकमेकांत गुंतवून सांधमोड केलेली असते. नंतरची भिंत जुन्या भिंतीला नुसती टेकवलेली असते आणि वरपासून खालपर्यंत उभी सरळ फट दिसते. मात्र सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरलेल्या ठिकाणी ही परीक्षा चालत नाही. सिमेंटचा दुसरा तोटा याहून मोठा. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. भिंतीत मुरलेलं खारं पाणी दर्जातून बाहेर पडायचं ते दगडातून पडू लागतं, दगडाच्या तोंडाशी मीठ साठतं आणि पापुद्रे सुटतात. दहा-वीस वर्षांत दर्ज पुढे आलेली आणि दगड मागे गेलेला दिसला, तर दोष दगडाचा धरू नये.

बालेकिल्ल्याच्या दारावर पोर्तुगीज राजचिन्ह आहे. दारात उभं राहून होकायंत्र काढा. शहर एका बाजूला आणि खाडीकडचा धक्का दुसऱ्या बाजूला, आणि किल्ला धक्क्याकडे सरकलेला आहे. नकाशात पाहिलं तर ठसठशीत दिसतं: एवढं एकशेदहा एकरांचं शहर, आणि बालेकिल्ला मधोमध नाही, पाण्याच्या अंगाला. कप्तानाचा वाडा आणि नगरसभेची कचेरी याच भागात होती. श्रीमंतांची घरं आणि धर्मसंघांचे मठ मोकळ्या जागेत पसरले, सत्तेची इमारत मात्र धक्क्यापासून हलली नाही.

मग समुद्राचा दरवाजा. एकामागे एक दोन दारं आणि मध्ये चारी बाजूंनी उंच भिंतींचा चौक. पहिलं दार फोडून आत आलेला माणूस या चौकात अडकतो आणि वरून मारा होतो. बाहेर पडलं की किल्लाबंदरचा कोळीवाडा आणि जेट्टी. बालेकिल्ल्यातून इथवर चालत पाच मिनिटंही लागत नाहीत.

मग १७३९ मध्ये हा बालेकिल्ला उपयोगी का पडला नाही? चिमाजी अप्पांनी वसईला भिडण्याआधी तिच्या भोवतीचं पाणी बंद केलं. ठाणं, माहीम-केळवे, तारापूर आधीच गेलेलं. वर्सोवा आणि भाईंदरची धारावीची टेकडी गेल्यावर वसईच्या खाडीच्या दोन्ही काठांवर मराठ्यांच्या तोफा आल्या. धक्का पोर्तुगीजांकडे होता, पण त्या धक्क्याला लागणार कोण? त्यानंतर वेढा तटाच्या कोरड्या, उत्तरेकडच्या बाजूला आवळला गेला.

सुरुंगाचं काम असं चालतं. नागमोडी मोर्चे खणत बुरुजाच्या नाकाशी यायचं, तिथून भुयार पायाखाली न्यायचं, टोकाला कोठडी करून दारू ठासायची आणि भुयाराचं तोंड माती-लाकडाने बुजवायचं. बुजवणं कच्चं राहिलं तर स्फोट सोपी वाट धरून मागे येतो आणि बुरूज जागचा हलत नाही. अनेक सुरुंग एकत्र उडवायचे तर बत्त्यांची लांबी जुळावी लागते. वसईत ती जुळली नाही. काही सुरुंग उशिरा उडाले आणि खिंडाराकडे धावलेली मराठ्यांचीच माणसं त्यात गेली. तरी सेंट सेबॅस्टियनचा बुरूज ढासळला आणि मे महिन्यात कप्तान कायतानो द सूझा परेरा याने तह मागितला. शिबंदीने हत्यारांसह आणि रहिवाशांनी चीजवस्तूसह निघून जायचं, मुदत आठ दिवस. आतल्या किल्ल्यात जाऊन लढायचा विचार झाला नाही, आणि तो बरोबरच होता. शहरभरची माणसं त्या छोट्या आवारात कोंबली तर पाणी आणि अन्न किती दिवस पुरेल याचा हिशेब कुणीही करू शकतो, आणि समुद्रावर वाट पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुपारी चर्च पाहावीत, पण कुठल्याही मनोऱ्यावर चढायच्या भानगडीत पडू नये. पिंपळाची मुळं सांध्यांत शिरलेली आहेत. ती मुळंच भिंत धरून ठेवतात आणि तीच ती फोडतात, त्यामुळे झाड कापून टाकलं की मुळं कुजतात आणि पुढच्या एखाद्या पावसाळ्यात भिंत खाली येते. मोकळ्या कमानींखाली आग्या मोहोळ असतं. अत्तर लावून, आरडाओरडा करत जाऊ नये.

दुसरा दिवस: मुंबई, फोर्ट

रोज लाखो माणसं फोर्टात येतात आणि फोर्ट कुठे आहे हे त्यांना माहीत नसतं. बॉम्बे कॅसल अजून आहे, एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या मागे, नौदलाच्या आयएनएस आंग्रे या तळाच्या आवारात. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. फाटकाबाहेर कॅमेरा काढून उभं राहू नये, पहारेकरी लगेच हटकतो.

मूळचा पोर्तुगीज काळातला मळ्यातला वाडा, गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे भाड्याने असलेला. १६६८ मध्ये मुंबई बेटं ईस्ट इंडिया कंपनीकडे आल्यावर त्या वाड्याभोवती इंग्रजांनी किल्ला केला. पाठीशी बंदर, समोर मोकळं मैदान. तेव्हाचं बॉम्बे ग्रीन म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल.

या बालेकिल्ल्याची परीक्षा १६८९ मध्ये झाली. गव्हर्नर जॉन चाइल्डच्या उद्योगांमुळे औरंगजेब चिडला, आणि मोगलांच्या बाजूने लढणारा जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला. माझगाव, माहीम त्याच्या हाती गेलं. त्याने डोंगरीच्या टेकाडावर तोफा चढवल्या आणि तिथून कॅसलवर मारा सुरू केला. शहराला तेव्हा धड तट नव्हता, म्हणून सगळी वसाहत कॅसलात शिरली आणि १६९० च्या जूनपर्यंत तिथे अडकून पडली. शेवटी कंपनीने दिल्लीश्वराची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला आणि सिद्दी निघून गेला. यात लढाई जिंकल्यासारखं काही नाही. पण कॅसल पडला नाही, कारण बंदर पूर्ण बंद करणं सिद्दीला जमलं नाही. वसई आणि मुंबई यांच्यात फरक भिंतीच्या जाडीचा नाही, तो पाठीमागच्या पाण्याचा आहे.

वेढ्याने दोन धडे दिले. एक, शहराला स्वतःचा तट हवा. तो १७१६ पर्यंत पुरा झाला: अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे. चर्चगेट स्टेशनाचं नाव त्या दरवाजावरून पडलं. वसई पडल्यावर घाबरून तटाबाहेर खंदकाचं काम निघालं, त्यासाठी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये काढून दिले. दुसरा धडा डोंगरीचा: शेजारचं टेकाड शत्रूला मिळालं तर बालेकिल्ल्याच्या अंगणात गोळा पडतो. १७६९ मध्ये डोंगरीचा जुना कोट पाडून त्या बाजूला फोर्ट जॉर्ज बांधला.

पाहायला आज काय उरलं? सीएसएमटीच्या पूर्वेला सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवाराशी, पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला, फोर्ट जॉर्जच्या तटाचा तुकडा आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याची कचेरी तिथेच आहे. जाड, मागे कललेली भिंत. बाकी तट १८६० च्या दशकात बार्टल फ्रियरच्या काळात पाडला. पण तटापेक्षा मोठी खूण उरली आहे आणि ती फुकट पाहता येते: आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल. तटासमोर तोफेच्या माऱ्यासाठी मोकळा ठेवलेला पट्टा तो हाच. क्रिकेट खेळायला जागा सोडावी असं कुणाच्याही मनात नव्हतं.

अर्ध्या दिवसात हे उरकतं. संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडवा, तासाभराचा प्रवास. तिथून अलिबाग वीस किलोमीटर.

तिसरा दिवस: रेवदंडा आणि कोर्लई

आजपासून भरती-ओहोटीशी गाठ आहे. कोळ्यांचा जुना हिशेब पाठ करून ठेवावा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास भरती येते. तेव्हा उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार कमी. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो, तेवढी सूट धरावी.

अलिबागहून रेवदंडा सतरा किलोमीटर. मुरूडकडे जाणारा रस्ताच शहराच्या तटातून आत शिरतो आणि बहुतेक गाड्या न थांबता निघून जातात. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि वाड्यांच्या गडग्यांमागे चर्चच्या भिंती. खाजगी जागा आहेत, विचारून आत जावं. कुणी नाही म्हणत नाही, न विचारता गेलं तर मात्र म्हणतात.

पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधायची परवानगी बुऱ्हाण निजामशहाने १५२१ मध्ये दिली. तीन वर्षांत किल्ला झाला आणि भोवती चौलचं पोर्तुगीज शहर वाढलं. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने वेढा घातला तेव्हा या शहराला तटच नव्हता. पोर्तुगीजांनी काय केलं? कडेची मोठी घरं आणि मठ निवडले, खिडक्या चिणल्या, मध्ये चर आणि मातीचे बांध घातले. एकेका घरासाठी आठवडेच्या आठवडे लढाई चालली. घर पडलं की मागच्या घरात सरकायचं, आणि शेवटी पाठीशी किल्ला आणि खाडी. कुंडलिकेच्या मुखातून गोवा आणि वसईहून माणसं व धान्य येत राहिलं. जुलै १५७१ मध्ये तह झाला. शहराचा तट त्यानंतरचा.

सातखणी मनोरा लांबूनच दिसतो, तो चर्चचा, किल्ल्याचा नव्हे. तटावरून समुद्राच्या बाजूला चालत जावं. वाळूने बुरुजांचे पाय झाकले आहेत, त्यामुळे तट मूळच्या उंचीपेक्षा ठेंगणा वाटतो.

आता खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लई. रेवदंड्याच्या किल्ल्याची कमजोर बाजू तिथे उभं राहिलं की दिसते: खाडीच्या तोंडावरच शंभरेक मीटर उंचीची डोंगराची सोंड. तिच्यावर शत्रूच्या तोफा आल्या तर खाडीतून होडी जाणार नाही, म्हणजे बालेकिल्ल्याचा मागचा दरवाजा बंद. निजामशाहीने १५९० च्या दशकात नेमकं हेच केलं, सोंडेवर किल्ला बांधायला घेतला. पोर्तुगीजांनी सप्टेंबर १५९४ मध्ये तो घेतला आणि स्वतःचा केला.

कोर्लई गावातून दीपगृहापर्यंत अरुंद रस्ता आहे. समोरून गाडी आली तर कुणाला तरी मागे घ्यावी लागते, म्हणून मोठी गाडी गावाबाहेर लावावी. दीपगृहापासून पायऱ्यांनी वीस मिनिटांत वर. किल्ला लांबट आहे, डोंगराच्या कण्यावर बसवलेला: सुमारे साडेआठशे मीटर लांब आणि सरासरी सत्तावीस मीटर रुंद. अकरा दरवाजे, चार बाहेरचे आणि सात आतले. आडव्या भिंती घालून कण्याचे कप्पे केले आहेत. एक कप्पा गेला तरी पुढचा लढू शकतो, कारण रुंदी इतकी कमी की एका वेळी फार माणसं पुढे येऊच शकत नाहीत. सर्वांत वरचा कप्पा बालेकिल्ल्याचा, तिथे बिनछपराचं चर्च आणि पाण्याचं टाकं. माथ्यावर सावली नाही, म्हणून दुपारी बारा ते तीन टाळावं. उतरल्यावर गावात कान उघडे ठेवावेत. इथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली अजून बोलली जाते.

मुक्काम मुरूडला, तीसेक किलोमीटर.

चौथा दिवस: जंजिरा

मुरूडहून राजपुरीची जेट्टी चार-पाच किलोमीटर. शिडाच्या होड्या तिथून सुटतात. पहिली होडी गाठावी. होडीवाले किल्ल्यात पाऊण तास देतात आणि तेवढ्यात बालेकिल्ला व पश्चिमेचा दरवाजा दोन्ही होत नाहीत. आधीच बोलून, पुढच्या फेरीने परतायचं ठरवून घ्यावं. पायऱ्यांवर उतरताना होडी लाटेबरोबर वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही. पायऱ्यांचा खालचा टप्पा शेवाळलेला असतो. मोबाइल खिशात नको, पिशवीत ठेवावा.

बेटावरचा हा किल्ला म्हणजे आख्खं तटबंद गाव होतं. राम पाटील या कोळ्याच्या मेढेकोटापासून, म्हणजे लाकडी ओंडक्यांच्या कोटापासून, सुरुवात, मग निजामशाही, मग सिद्दी. घरं, मशिदी, गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. विसाव्या शतकातही इथे वस्ती होती. महादरवाजा राजपुरीकडे तोंड करून आहे, पण दोन बुरुजांच्या आड असल्याने अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दारावर पायांत हत्ती पकडलेलं श्वापद कोरलेलं आहे. वाटाडे कलालबांगडी तोफेपाशी खूप वेळ घालवतात. बावीस टनांची तोफ आहे, पाहावी, पण पाच मिनिटांत पुढे निघावं.

सुरूलखानाच्या पडक्या वाड्याच्या बाजूने चढून बालेकिल्ल्यावर जायचं. बेटाच्या मधल्या उंचवट्यावर छोटा कोट आहे, निशाणाची जागा. इथे उभं राहिलं की बालेकिल्ल्याचं तिसरं काम, गावावरच नजर ठेवण्याचं, समजतं. सगळी घरं, दोन्ही तलाव आणि तटावरची प्रत्येक फांजी, म्हणजे पहाऱ्याची वाट, नजरेच्या टप्प्यात आहे. तळ्याकडे जाणारी वाट इथून सहज अडवता येते. बाहेरच्या शत्रूसाठी बेटाच्या मध्यात किल्ला लागत नाही. समुद्रातून आलेल्याला तटावरच थोपवायचं असतं. हा कोट आतल्यांसाठी आहे.

तिथून पश्चिमेला उतरून दर्या दरवाजा गाठावा. फार माणसं येत नाहीत, वाटेत झुडपं आणि सुटे दगड आहेत. छोटं दार, समोर फक्त पाणी. महादरवाजाकडचं पाणी राजपुरीच्या किनाऱ्यावरच्या तोफांच्या माऱ्यात येतं. समोरची टेकाडं शत्रूच्या हाती गेली तरी या मागच्या दाराने माल घेता येतो. शिवाजी महाराजांनी आणि पुढे संभाजी महाराजांनी इतका जोर लावूनही जंजिरा आला नाही. त्याची कारणं सांगताना तटाची उंची सांगतात. सिद्दीला सुरतेहून मोगलांचा पैसा आणि गलबतं मिळत होती आणि पावसाळ्यात त्याचं आरमार मुंबईला माझगावात विसावत होतं, हे कारण जास्त वजनदार आहे. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा सेतू घालायला घेतला. पण सेतू पोचणार होता पुढच्या बाजूला.

मागचं दार बंद करायचा खरा उपाय वायव्येला समोर दिसतो: पद्मदुर्ग ऊर्फ कासा. शिवाजी महाराजांनी तो समुद्रात बांधला तो सिद्दीच्या येण्याजाण्यावर बसण्यासाठी. या कामाला धान्य आणि पैसा पोचवायला टाळाटाळ केली म्हणून प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना महाराजांनी लिहिलेलं खरमरीत पत्र उपलब्ध आहे. राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली आहे, आणि तुम्ही रसद अडवता, असा त्याचा रोख आहे. पद्मदुर्गावर सहसा उतरता येत नाही. जाता आलंच तर तटाचे दगड पाहावेत. लाटांनी दगड झिजून आत गेला आहे आणि चुन्याची दर्ज तशीच पुढे उभी आहे. वसईला सिमेंटबद्दल जे सांगितलं त्याच्याशी याची गल्लत करू नये. तिथे दर्ज दगडाला मारते, इथे दोघांनी सारखाच मार खाल्ला आणि चुना टिकला.

पाचवा आणि सहावा दिवस: तरी, तरी आणि तरी

मुरूड ते रत्नागिरी किनाऱ्यानेच जायचं असेल तर चार खाड्या गाडीसकट तरीने, म्हणजे फेरीबोटीने, ओलांडाव्या लागतात: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. प्रत्येकीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते आधल्या दिवशी विचारून घ्यावं. चुकली तर खाडीला वळसा घालायला दोन-तीन तास जातात. पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावांत भरून घ्यावं.

पाचव्या दिवशी हर्णै. इथे चित्र उलटं आहे: बालेकिल्ला पाण्यात, सुवर्णदुर्ग, आणि किनाऱ्यावर त्याचे राखणदार कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा नावाचा किल्ला. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने समुद्रातून भडिमार करून आतलं दारूकोठार उडवलं आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज आली, तेव्हा तुळाजी आंग्र्यांच्या या जोडगोळीला उत्तर उरलं नाही. दोन्ही बाजू एकदम बंद झाल्या तर मागचं दारही कामाचं नाही.

सहाव्या दिवशी जयगड चुकवू नये. तरीतून उतरलं की दहा मिनिटांत. वर सपाटीवर बालेकिल्ला, त्याला कातळात खणलेला खंदक, आणि खाली पाण्याशी पडकोट, म्हणजे मुख्य किल्ल्याला जोडलेला बाहेरचा कोट. नुसता वरचा भाग पाहून लोक परततात. पडकोटापर्यंत खाली जावं. वरच्या किल्ल्यातून पाण्याकडे जाणारी वाट शत्रूला तोडता येऊ नये म्हणून हा कोट आहे. वसईत पाच मिनिटांची चाल होती म्हणून काम भागलं. इथे उतार आहे, तर त्या उतारालाच तट घालावा लागला. इतकं स्वच्छ उदाहरण या सगळ्या वाटेवर दुसरं नाही.

सातवा दिवस: रत्नागिरी

रत्नदुर्ग घोड्याच्या नालाच्या आकाराच्या भूशिरावर पसरला आहे, तिन्ही बाजूंना समुद्र. तीन भाग: दीपगृहाचा डोंगर, खालचा पेठकिल्ला आणि भगवतीच्या देवळाचा बालेकिल्ला. गाडी बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी जाते आणि बहुतेक माणसं देवळात जाऊन परत फिरतात. क्रम उलटा धरावा: आधी दीपगृहाचा डोंगर.

वरून पाहिलं की एक गोष्ट खटकते. हा डोंगर मोठा, समुद्राकडे जास्त पुढे आलेला, आणि तरी बालेकिल्ला इथे नाही. तो समोरच्या लहान सोंडेवर आहे, कारण त्या सोंडेच्या कुशीत भगवती बंदर आहे. दीपगृहाचा डोंगर शत्रूला मिळू नये म्हणून तटात घेतला, मुंबईला डोंगरीने जे शिकवलं ते इथे आधीच ठाऊक होतं. पेठ दोघांच्या मध्ये, म्हणजे वस्तीवर दोन्हीकडून नजर.

बालेकिल्ल्याच्या फांजीवरून पूर्ण फेरी मारता येते, अर्धा तास पुरतो. तट जांभ्याचा. जांभा खाणीतून निघाल्यावर कुऱ्हाडीने तासता येतो आणि वाऱ्यावर कडक होतो, पण पाणी शोषतो. वरचा थर, म्हणजे फांजीवरचा चुन्याचा कोबा, फुटला की पाणी पोटात उतरतं आणि भिंत आतून मऊ होते. बाहेरून ठणठणीत दिसणारा तट अचानक फुगतो तो यामुळे. फुगीर भागाखाली बसून डबा खाऊ नये.

देवळाच्या आवारातून समुद्राकडे उतरणारं भुयार आहे. आत जायची सोय नाही आणि जाऊही नये. त्याचं खालचं तोंड कड्यातल्या गुहेत आहे, ते ओहोटीला भगवती बंदराच्या बाजूने दिसतं. तट चढून, दरवाजे मोजून शेवटी शोधायचं ते हेच.

१८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा रत्नदुर्गावर मोठी लढाई झाली नाही. मराठ्यांच्या आरमारात जोर उरला नव्हता आणि समुद्र इंग्रजांचा होता. भुयारातून बाहेर पडून जायचं कुठे? इंग्रजांनी कारभार किल्ल्यात न ठेवता शहरात नेला, पेठकिल्ल्यात मासेमारांची वस्ती राहिली आणि देवळात उत्सव चालू राहिले.

एवढे दिवस हाताशी नसतील तर मुंबईहून दोन दिवसांत वसई आणि कोर्लई होतं. तिसरा दिवस मिळाला तर जंजिरा. रत्नागिरी-जयगड वेगळ्या फेरीसाठी ठेवावं, कोकण रेल्वेने यावं आणि रत्नागिरीत गाडी भाड्याने घ्यावी. जयगड तिथून जाऊन-येऊन एका दिवसात होतो. सकाळची ओहोटी असेल तर भगवती बंदर आधी आणि जयगड दुपारी, नाहीतर उलट.